आरोग्य संशोधन : कागद वाचायला शिकू, लिहायलाही शिकू

वस्तीत पाहणीला येणारे लोक आपल्याला नवे नाहीत. गळ्यात ओळखपत्र, हातात फॉर्म किंवा टॅब, सोबत ओळखीची आशाताई. घरात माणसे किती, कमाई किती, खोकला कुणाला, संडास कुठे, असे प्रश्न विचारतात. कधी रक्त घेतात, कधी थुंकीसाठी डबी देतात. शेवटी सही किंवा अंगठा घेतात आणि पुढच्या दारी जातात. त्या माहितीचे पुढे काय झाले, हे बहुतेक घरांना कधीच कळत नाही. महिला मंडळाच्या बैठकीत बायका आम्हाला विचारतात, "सिस्टर, त्या रक्ताचं काय झालं हो?"

दुसरीकडे आपल्याच वस्तीतल्या मुली-मुले आता जीएनएम, बी.एस्सी. नर्सिंग, एमएसडब्ल्यू करतात. कॉलेजात त्यांना 'संशोधन प्रस्ताव' लिहायला सांगतात. समजावून सांगणारे कुणी नसते. मग झेरॉक्सच्या दुकानातून मागच्या बॅचचा प्रकल्प आणायचा, नाव आणि तारीख बदलायची आणि जमा करायचा, असे चालते.

या दोन्ही गोष्टींचा उपाय एकच आहे. संशोधन किती प्रकारचे असते आणि त्याचा प्रस्ताव कसा लिहितात, हे घराघरांत समजले पाहिजे. ज्याला प्रस्ताव वाचता येतो, तो सही करण्याआधी प्रश्न विचारतो. ज्याला लिहिता येतो, तो आपल्या वस्तीचा प्रश्न स्वतः मांडतो. समजायला सोपे जावे म्हणून येथे आम्ही बहुतेक उदाहरणे टीबीची घेतली आहेत. टीबी आपल्याला जवळून माहीत आहे.

उपचार वेगळा, संशोधन वेगळे

दवाखान्यात डॉक्टर आपल्याला तपासतात, गोळ्या देतात. तो उपचार. त्याचा हेतू एकच, समोरचा माणूस बरा व्हावा. संशोधनाचा हेतू निराळा असतो. ज्या प्रश्नाचे पक्के उत्तर अजून नाही, ते आधी ठरवलेल्या पद्धतीने शोधायचे, आणि दुसऱ्याला पडताळून पाहता येईल असे लिहून ठेवायचे. त्याचा फायदा पुढे अनेकांना होईल, पण आज माहिती देणाऱ्याला होईलच असे नाही. कधी कधी एकच डॉक्टर दोन्ही करत असतात. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारावा, "हा माझा उपचार आहे की अभ्यास?"

संशोधनाचे प्रकार

पहिला प्रकार मोजणीचा. एखादा आजार किती जणांना आहे, कुठे जास्त आहे, लोक दवाखान्यात जातात की नाही, हे मोजायचे. २०१९ ते २०२१ या काळात भारतात राष्ट्रीय क्षयरोग सर्वेक्षण झाले. १५ वर्षांवरील दर एक लाख लोकांमागे ३१६ जणांना तपासणीत सिद्ध झालेला फुप्फुसाचा टीबी आढळला. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की टीबीची लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के लोक दवाखान्यात गेलेच नव्हते. बहुतेकांनी खोकल्याकडे दुर्लक्ष केले होते. म्हणजे नुसते दवाखान्यात बसून रुग्ण मोजले, तर निम्म्याहून अधिक माणसे हिशेबात येतच नाहीत. मोजणीची ताकद ही.

पण मोजणीने कारण कळत नाही. टीबीचे रुग्ण पुष्कळदा अंगाने बारीक दिसतात. पोटभर अन्न नव्हते म्हणून टीबी झाला, की टीबीमुळे वजन उतरले? एकाच दिवशी दोन्ही मोजले तर आधी काय झाले ते सांगता येत नाही. त्यासाठी पुढचे प्रकार आहेत.

दुसरा प्रकार मागे वळून पाहण्याचा. आजार झालेली माणसे घ्यायची, त्याच वयाची आजार नसलेली माणसे घ्यायची, आणि दोघांच्या मागच्या आयुष्यात काय फरक होता ते विचारायचे. लंडनच्या इस्पितळांत डॉल आणि हिल या दोघांनी फुप्फुसाच्या कॅन्सरचे रुग्ण आणि इतर रुग्ण यांना असेच विचारले. कॅन्सरच्या रुग्णांत सिगारेट ओढणारे, त्यातही खूप ओढणारे, जास्त निघाले. हे काम १९५० साली छापून आले. हा प्रकार स्वस्त आणि लवकर होणारा आहे. पण माणसाच्या आठवणीवर अवलंबून राहावे लागते, आणि आजारी माणूस जुन्या गोष्टी जास्त आठवून सांगतो.

तिसरा प्रकार पुढे सोबत चालण्याचा. निरोगी माणसे घ्यायची, कोण काय खातो-पितो ते आधीच लिहून ठेवायचे आणि वर्षानुवर्षे त्यांच्या मागे राहायचे. याच दोघांनी १९५१ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्याच सवयी नोंदवायला सुरुवात केली. सिगारेट ओढणारे डॉक्टर कॅन्सरने जास्त मेले, हे काही वर्षांत दिसले. हा अभ्यास पुढे पन्नास वर्षे चालला. येथे कारण आधी आणि आजार नंतर, हा क्रम पक्का कळतो. मात्र वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागतात.

चौथा प्रकार प्रयोगाचा. येथे संशोधक नुसता पाहत नाही, स्वतः काहीतरी देतो किंवा बदलतो. एका गटाला नवा उपचार, दुसऱ्या गटाला नेहमीचा, आणि कोण कुठल्या गटात जाणार ते चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. चिठ्ठी कशाला? डॉक्टरने निवडले, तर तो नकळत तब्येतीने बरी माणसे नव्या औषधाकडे वळवील आणि औषधाला फुकटचे श्रेय मिळेल.

अशा प्रयोगाने आपल्यासारख्या घरांचे केवढे भले केले, ते मद्रासच्या उदाहरणावरून कळते. त्या काळी टीबीच्या रुग्णाला घरापासून दूर सॅनेटोरियममध्ये महिनोन् महिने ठेवत. शुद्ध हवा, विश्रांती, दूध-अंडी यांशिवाय तो बरा होणार नाही, अशी समजूत होती. भारतात खाटा थोड्या आणि रुग्ण लाखो. गरिबाने काय करायचे? १९५६ साली मद्रासमध्ये १९३ रुग्ण घेऊन त्यांचे चिठ्ठीने दोन गट केले. औषध दोघांना एकच, वर्षभर. एक गट सॅनेटोरियममध्ये राहिला, दुसरा आपल्या दाटीवाटीच्या घरात. घरच्या गटाला खाणे कमी मिळाले, कामेही करावी लागली. तरी वर्षअखेर सॅनेटोरियममधले ९२ टक्के आणि घरचे ८६ टक्के रुग्ण बरे होण्याच्या स्थितीला आले होते. फरक थोडा होता. घरातल्या इतरांना घरी उपचार घेतल्यामुळे जास्त लागण झाली, असेही दिसले नाही. १९५९ साली हे प्रसिद्ध झाले आणि जगभर टीबीचा उपचार घरी राहून होऊ लागला. आज आपला माणूस घरून गोळ्या घेतो, त्यामागे मद्रासच्या त्या १९३ माणसांचा वाटा आहे.

वर आलेला अन्नाचा प्रश्नही असाच सुटला. २०१९ ते २०२२ या काळात झारखंडच्या चार जिल्ह्यांत २,८०० टीबी रुग्ण आणि त्यांच्या घरातली १०,३४५ माणसे यांचा अभ्यास झाला. रुग्णांना दोन्ही गटांत दरमहा शिधा दिला. एका गटात रुग्णाच्या घरातल्या माणसांनाही तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांना शिधा मिळाला, त्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले. २०२३ साली हे छापून आले. उपाशी घरात टीबी शिरतो, हे आपल्या आयाबायांना ठाऊक होतेच. आता ते सरकारपुढे ठेवता येईल असा आकडा मिळाला.

पाचवा प्रकार ऐकून घेण्याचा. येथे आकडे नसतात, माणसाचे बोलणे असते. सून टीबीच्या गोळ्या पिठाच्या डब्यात का लपवते? रिक्षावाला दोन महिन्यांनी औषध का सोडतो? अशा 'का'चे उत्तर हो-नाहीच्या चौकटीत बसत नाही. त्यासाठी थोड्या माणसांशी निवांत बसून बोलावे लागते. या प्रकाराला कुणी हलके समजू नये.

प्रश्न कुठला, त्यावर प्रकार ठरतो. 'किती' असेल तर मोजणी, 'कशामुळे' असेल तर दुसरा किंवा तिसरा, 'कशाने बरे होईल' असेल तर प्रयोग, आणि 'का असे वागतात' असेल तर ऐकणे.

प्रस्ताव आधी का लिहायचा?

घर बांधण्याआधी नकाशा काढतात, तसा संशोधनाआधी प्रस्ताव. काय विचारणार, कुणाला, किती जणांना, कसे आणि कशासाठी, हे सगळे काम सुरू होण्यापूर्वी कागदावर येते. त्याचे दोन उपयोग. एक, नंतर सोयीचे तेवढेच आकडे दाखवता येत नाहीत. दुसरा, माणसाला इजा होईल असे काही त्यात आहे का, हे त्रयस्थांना आधी तपासता येते. हे तपासणारी नैतिकता समिती असते. तिला कॉलेजात एथिक्स कमिटी म्हणतात. तिच्यात डॉक्टरांबरोबर कायद्याचा जाणकार आणि वैद्यकीय क्षेत्राबाहेरचा सामान्य माणूसही असावा लागतो, आणि तिचा अध्यक्ष त्या संस्थेच्या बाहेरचा असतो.

ही तपासणी कशी जन्माला आली, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेत टस्कीगी येथे १९३२ ते १९७२ अशी चाळीस वर्षे सरकारी आरोग्य खात्याने सुमारे ६०० गरीब काळ्या पुरुषांचा अभ्यास केला. त्यांतल्या ३९९ जणांना गरमीचा आजार होता. त्यांना खरे निदान सांगितले नाही, 'तुमचे रक्त बिघडले आहे' एवढेच सांगितले. १९४०च्या दशकात पेनिसिलिनने हा आजार बरा होतो हे कळले, तरी ते दिले नाही. उपचाराशिवाय आजार कसा वाढतो, एवढेच त्यांना पाहायचे होते. बातमी वर्तमानपत्रात आली तेव्हा ते थांबले.

हे परदेशातले म्हणून सोडून देऊ नये. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातमधील वडोदरा येथे हजारो मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची एचपीव्ही लस एका प्रकल्पात दिली गेली. सात मुलींच्या मृत्यूनंतर २०१० साली तो थांबवला. मृत्यू लसीमुळे झाले असे चौकशीत दिसले नाही. ही लस उपयोगाची आहे, तिच्याविषयी मनात शंका नको. पण आश्रमशाळा-वसतिगृहांतल्या कितीतरी मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डन किंवा मुख्याध्यापकांच्या सह्या निघाल्या. संसदेच्या समितीने २०१३ साली यावर कडक ताशेरे ओढले. ज्यांचे आईबाप दूर आणि कमी शिकलेले, त्यांचीच सही दुसऱ्याने केली, हे विसरता कामा नये.

आपला प्रस्ताव लिहून पाहू

आता एक खरा प्रश्न घेऊ. टीबीच्या उपचारात पौष्टिक आहारासाठी सरकार निक्षय पोषण योजनेतून बँक खात्यात पैसे देते. एप्रिल २०१८ पासून दरमहा ५०० रुपये होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये झाले. खासगी डॉक्टरकडे उपचार घेणाऱ्या पण सरकारकडे नोंद झालेल्या रुग्णालाही ते मिळतात. हे पैसे आपल्या वस्तीत वेळेवर पोहोचतात का?

नाव: नावातच विषय, माणसे, जागा आणि काळ यावा. 'टीबी रुग्णांच्या समस्या' हे नाव फार ढोबळ. 'अमुक वस्तीत मागील एक वर्षात उपचार सुरू झालेल्या टीबी रुग्णांना निक्षय पोषण रक्कम मिळण्यास लागलेला वेळ व आलेल्या अडचणी' हे नाव नेमके.

पार्श्वभूमी: एक-दोन पाने. योजना काय आहे, अन्न आणि टीबीचा संबंध काय (येथे झारखंडचा अभ्यास येईल), आणि आपल्या भागाची कुठली माहिती उपलब्ध नाही. जे माहीत नाही, तेच संशोधनाचे कारण.

उद्दिष्टे: दोन किंवा तीन पुरेत. मोजता येईल असे क्रियापद वापरावे. 'पहिला हप्ता मिळण्यास किती दिवस लागले ते मोजणे', 'न मिळण्याची कारणे शोधणे'. विद्यार्थी हमखास 'जनजागृती करणे' असे लिहितात. जनजागृती हा कार्यक्रम झाला, संशोधन नव्हे.

पद्धत: येथे मोजणी आणि ऐकणे, दोन्ही प्रकार लागतील. कुणाला घेणार हे स्पष्ट लिहावे. फक्त औषध केंद्रावर येणाऱ्यांची यादी घेतली, तर औषध मध्येच सोडलेले आणि खासगीत जाणारे सुटतात, आणि बहुधा पैसे न मिळालेले तेच असतात. मग निकाल खोटाच गोड येईल. शिवाय रुग्णांची नावे केंद्राने परस्पर आपल्याला देणे योग्य नाही. केंद्रातल्या कर्मचाऱ्याने आधी रुग्णाला विचारावे, त्याने होकार दिला तरच आपण भेटावे.

किती जण: मोठ्या लोकसंख्येतून चिठ्ठीने निवडलेल्या १०० जणांना 'पैसे मिळाले का' विचारले, तर येणारी टक्केवारी साधारण १० टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकते. ४०० जणांना विचारले तर ५ टक्क्यांनी. चूक निम्मी करायची तर माणसे चौपट लागतात. एका वस्तीत रुग्णच ३०-४० असतील, तर चिठ्ठी न टाकता सगळ्यांनाच विचारावे.

माणसाची काळजी: प्रस्तावाचा हा भाग सगळ्यात जपून लिहावा. आपल्या गल्लीत भिंतीला भिंत असते. टीबीचा फॉर्म घेऊन दारात उभे राहिलो, तर शेजाऱ्यांना सगळे कळते, एखाद्या मुलीचे ठरत आलेले लग्न मोडते. म्हणून भेट कुठे घेणार, त्याच गल्लीतला माणूस प्रश्न विचारणार नाही याची काय व्यवस्था, नावांऐवजी क्रमांक कसे देणार, कागद कुणाच्या कुलपात राहणार आणि कधी नष्ट करणार, हे लिहावे. संमतीपत्र साध्या मराठीत हवे. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवावे, आणि संशोधकांशी संबंध नसलेला साक्षीदार बसवावा.

वेळ आणि खर्च: महिन्यानुसार तक्ता करावा. खर्चात छपाई आणि प्रवासाबरोबर, भेटीसाठी ज्याचा रोज बुडेल त्याची भरपाईही धरावी. गरिबाचा वेळ फुकट नसतो.

निकाल कुणाला सांगणार: जिल्हा क्षयरोग अधिकाऱ्यांना लेखी, आणि ज्यांनी माहिती दिली त्यांना विहारातल्या सभेत तोंडी. सभेत कुणाचे नाव येता कामा नये. शेवटी प्रश्नावली आणि संमतीपत्र जोडावे.

विद्यार्थ्यांनी हा प्रस्ताव कॉलेजच्या समितीकडून मंजूर करून घेतल्याशिवाय एकाही दारात जाऊ नये. मंडळाला असा अभ्यास करायचा असेल, तर जवळच्या मेडिकल कॉलेजचा समाजवैद्यक विभाग किंवा नर्सिंग कॉलेज सोबत घ्यावे. प्रश्न आपला, समितीची मंजुरी त्यांच्याकडून, आणि काम दोघांचे.

सही करण्यापूर्वी विचारायचे प्रश्न

हा भाग कापून घरात लावून ठेवावा.

१. हा उपचार आहे की संशोधन? कोणती संस्था करते आहे, पैसा कुणाचा आहे?
२. नैतिकता समितीची मंजुरी आहे का? पत्र दाखवा.
३. माझ्याकडून काय घेणार? रक्त किंवा थुंकी घेतली, तर ती कुठे जाणार, किती दिवस ठेवणार?
४. त्रास काय होऊ शकतो? औषधाची चाचणी असेल आणि इजा झाली, तर मोफत उपचार आणि भरपाई कोण देणार? नव्या औषधांच्या चाचणीत ही जबाबदारी २०१९च्या नियमांनी चाचणी करणाऱ्यांवर टाकली आहे.
५. मी नाही म्हटले किंवा मध्येच बाहेर पडले, तर माझा नेहमीचा उपचार चालू राहील ना? याचे उत्तर 'हो'च असले पाहिजे.
६. माझ्या तपासणीचा निकाल आणि अभ्यासाचा निष्कर्ष मला कधी, कोण सांगणार?
७. संमतीपत्राची प्रत आणि फोन नंबर मला मिळणार का?

लहान मुलांसाठी आईबापाची संमती लागते, आणि सात वर्षांपुढच्या मुलाला त्याच्या समजेप्रमाणे सांगून त्याचाही होकार घ्यायचा असतो. शिक्षक, वॉर्डन, नगरसेवक किंवा मंडळाचा अध्यक्ष आपल्या वतीने सही करू शकत नाही. औषधांच्या चाचण्यांची नोंद आयसीएमआरच्या सीटीआरआय या नोंदवहीत करावी लागते. ती कुणालाही मोफत पाहता येते. घरातल्या शिकत्या मुलाला मोबाइलवर शोधायला सांगा.

प्रश्न विचारले म्हणून प्रामाणिक संशोधक रागावत नाही. तो बसतो, पाणी मागतो आणि समजावून सांगतो. जो घाई करतो, "नुसती सही करा मावशी" म्हणतो, त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगावे. आणि सगळ्याच पाहण्यांना दार बंद करू नये. मद्रासच्या आणि झारखंडच्या घरांनी दार उघडले, म्हणून आज आपला रुग्ण घरी राहून बरा होतो आणि त्याच्या ताटाचा विचार सरकारला करावा लागतो.

निक्षय पोषणचे पैसे आपल्या घरातल्या रुग्णाला मिळाले नसतील, तर संशोधनाची वाट पाहत बसू नये. आधार, बँक पासबुक आणि उपचाराचे कार्ड घेऊन सरकारी दवाखान्यातल्या क्षयरोग विभागात आजच चौकशी करावी. आणि जी मुले यंदा शेवटच्या वर्षाला आहेत, त्यांनी झेरॉक्सच्या दुकानात जाण्याआधी एकदा आपल्या गल्लीतून चक्कर मारावी. प्रस्तावाचा विषय तेथे सापडेल.